पाणवठ्यावरची एक रात्र

माझा पुतण्या ॲरिझोनात असतो. गेल्या ऑक्टोबरात तो मित्रांबरोबर ग्रँड कॅन्यनच्या दरीत उतरला, एक रात्र तंबूत राहिला आणि परत आल्यावर त्याने पंचवीसेक छायाचित्रे पाठवली. तांबड्या खडकांचे एकावर एक थर, सावलीचा मागमूस नसलेली वाट, आणि मग एका छायाचित्रात अचानक हिरवी झाडे, एक ओहोळ व झाडांखाली लावलेले तंबू. खाली त्याने लिहिले होते, 'काका, दिवसभर वाळवंट आणि रात्री नुसते तारे. आपल्याकडे असं काही आहे का?'

'आहे. मे महिन्यात ये,' एवढे मी कळवले. पण उत्तर एवढ्यावर संपणारे नव्हते. त्याच्या छायाचित्रांनी मला काही वर्षांपूर्वीच्या एका बुद्धपौर्णिमेची आठवण करून दिली होती आणि त्या आठवणीत एक गोष्ट बरेच दिवस सलत होती. ती कोणाला तरी नीट सांगावी म्हणून हे लिहीत आहे.

वऱ्हाडात वाळवंट नाही असे भूगोलाचे पुस्तक सांगते. ते खरेही आहे. पण मे महिन्यात अकोल्यात दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर उभे राहिलेल्या माणसाला ते पटवून देणे अवघड आहे. २०२४ च्या मे अखेरीस उष्म्यामुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम लावावे लागले होते; माणसांनी एकत्र येऊ नये म्हणून जे कलम दंगलीत लावतात, ते उन्हासाठी लावावे लागले. आमच्याकडे उन्हाळा हा ऋतू नसून एक प्रकारचा प्रदेश आहे. पाऊस पडेपर्यंत आपण सगळे तेथे राहायला जातो.

मेळघाटाचे कौतुक बहुतेक जण पावसाळ्यातले किंवा हिवाळ्यातले करतात. चिखलदऱ्याचे धुके, दऱ्यांमधून उतरणारे धबधबे, हे सारे सुंदर आहेच. परंतु डोंगराची हाडे पाहायची असतील तर मे महिन्यात जावे. पानझडीचे जंगल तेव्हा पुरते उघडे पडलेले असते आणि दऱ्यांचा आकार प्रथमच दिसतो. त्या वर्षी मी बुद्धपौर्णिमेच्या 'निसर्गानुभव' कार्यक्रमासाठी नाव नोंदवले होते. पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसायचे आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची, असा हा कार्यक्रम. रात्र मचाणावर घालवायची होतीच, म्हणून आदला दिवस मी नरनाळा चढण्यासाठी ठेवला.

अकोल्याहून पहाटे निघालो. अकोटच्या वाटेवर गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. श्रावणात येथूनच कावडी भरतात. पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याचे तरुण रात्रभर चालतात आणि ते राजराजेश्वराला वाहतात. त्या दिवशी मात्र पुलाखाली वाहते पाणी असे नव्हतेच. होती ती शेवाळलेली डबकी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरला आहे तो खारपाणपट्टा: अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा मुलूख. वर पाहावे तर काळीभोर, खोल, कापसाची जमीन. खाली खणावे तर खारे पाणी. येथल्या गावांना नळाने मिळणारे गोडे पाणी बव्हंशी सातपुड्यातून येते. अकोट-तेल्हाऱ्याकडची चौऱ्यांशी खेडी योजना वान धरणाच्या पाण्यावर उभी आहे. थोडक्यात, उत्तरेला जी निळसर रेघ दिसते ती आमच्यासाठी नुसता डोंगर नाही. ती आमची पाण्याची टाकी आहे.

या रांगेला गाविलगडचे डोंगर म्हणतात. उत्तरेकडच्या उतारावरचे पाणी सिपना, गाडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांतून तापीला जाते. दक्षिणेकडच्या उतारावरचे पाणी पूर्णेत उतरते आणि पूर्णाही अखेर चांगदेवला तापीलाच मिळते. माथ्यावर पडलेला थेंब डावीकडे घसरला काय किंवा उजवीकडे, शेवट एकच. फरक इतकाच की एक थेंब जंगलातून जातो आणि दुसरा माणसांच्या वस्तीतून.

पोपटखेडवरून शहानूरला पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. तेथे नोंद करून वाटाड्या घेतला. चाळिशीच्या आतबाहेरचा कोरकू माणूस, अंगाने शिडशिडीत, बोलणे मोजके. त्याच्या खांद्याला पाच लिटरचा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा होता. माझ्याजवळ दोन लिटर पाणी होते. त्याने माझ्या पिशवीकडे पाहिले, पण काही बोलला नाही.

नरनाळ्याची चढण फार कठीण नाही. कठीण आहे ते ऊन. वाटेवर दरवाजामागून दरवाजा लागत जातो आणि शेवटी महाकाली दरवाजा समोर येतो. सभोवारचा सारा डोंगर काळ्या बेसाल्टचा आणि हा दरवाजा मात्र फिकट वालुकाश्मात कोरलेला. कमळाची फुले, सज्जे, जाळ्या, आणि वर १४८७ सालचा शिलालेख. तो बहामनी सुलतान महमूदशाहाच्या कारकिर्दीतला असून फत्तेउल्ला इमादउल्मुल्क याचे नाव त्यात आहे. पुढे थोड्याच वर्षांत याच फत्तेउल्लाने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली. अकबराच्या काळी नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे नाव होते आणि अबुल फजलने आईने-अकबरीत या किल्ल्याची दखल घेतली आहे. इतिहासात रस असणाऱ्याने या दरवाजाखाली अर्धा दिवस सहज काढावा.

मला मात्र त्या दिवशी इतिहासापेक्षा पाणी अधिक दिसत होते. किल्ला बांधणारा प्रथम पाणी पाहतो, तट नंतर. नरनाळ्यावर जागोजाग तलाव आणि टाकी आहेत. पावसाचे पाणी त्यांच्याकडे वळवणारे दगडी पाट आहेत. सक्कर तलावाच्या काठी उभे राहिले की समजते, या विस्तीर्ण माथ्यावर तोफा, हत्ती, राण्या, कारभारी हे सारे टिकले ते त्या पाटांच्या जोरावर. नऊगजी तोफ आजही एका कड्यावर दरीकडे तोंड करून पडली आहे. तोफेला वर्षानुवर्षे दाणागोटा मिळाला नाही तरी चालते. माणसांचे तसे नसते.

अकरा वाजेपर्यंत माझे पाणी संपले. हा दोष सर्वस्वी माझा. वऱ्हाडात जन्म काढलेल्या माणसाने मे महिन्यात दोन लिटर पाणी घेऊन डोंगर चढावा याला काय म्हणावे? जीभ टाळ्याला चिकटू लागली, दरवाजाच्या कमानीखालच्या सावलीत बसल्यावरही कानशिले ठणकत राहिली. वाटाड्याने गोणपाट सोडले, डबा पुढे केला आणि म्हणाला, "घ्या भाऊ. घोट घोट प्या. एकदम नका पिऊ." पाणी थंड होते. मी किती प्यायलो ते त्याने पाहिले नाही, किंवा पाहिल्याचे दाखवले नाही. नंतर तो स्वतः दोन घोट प्यायला आणि गोणपाटावर थोडे शिंपडून डबा पुन्हा बांधून ठेवला.

उतरताना तो झाडे दाखवत होता. साग पार निष्पर्ण, वाळलेली पाने पायांखाली पापडासारखी मोडत होती. सलई, मोवई, धावडा, सारे काटक्यांचे. टेंभुर्णीला मात्र कोवळी पाने. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच आटोपला होता. मोहाची फुले संपून फळे धरली होती. एका घळीच्या तोंडाशी बहावा पिवळाजर्द फुलला होता. आणि उतारावर कुलूची झाडे: पांढरीफटक साल, एक पान नाही, जणू कोणी चुन्याने रंगवून उभी केली आहेत. चांदण्यात ही झाडे पाहून नवखा माणूस दचकतो, त्यांना भुताचे झाड म्हणतात ते उगीच नाही.

घळीच्या तळाशी नाला होता. नाला म्हणजे गोटे आणि वाळू. एका वळणावर तो थांबला, काठीने वाळू उकरली, मग हातांनी. कोपरभर खड्डा झाल्यावर तळ ओलसर झाला आणि थोड्या वेळाने वाटीभर पाणी साचले. "झिरा," तो म्हणाला. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. पण झिरा उकरून त्यात पाणी येताना प्रथमच पाहत होतो. तो पुढे म्हणाला, "आमच्या माय रातच्या उठून बसे झिऱ्यापाशी. एक गुंड भराले तास लागे. डुकरं बी उकरते, गवे बी. सारेच उकरते." कोरड्या प्रदेशातल्या जीवनाची ही सगळ्यात प्राथमिक व्याख्या असावी. सारेच उकरतात.

चार वाजता वनखात्याच्या गाडीने आम्हांला मचाणापाशी सोडले. नेमकी जागा मी सांगत नाही. का ते पुढे कळेल. नियम सांगून झाले होते: फिके, मातकट कपडे, अत्तर-पावडर नाही, विडी-सिगारेट नाही, बोलायचे नाही, सूर्योदयापर्यंत खाली उतरायचे नाही. एक छापील तक्ता मिळाला. त्यात वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्ले, शेरा असे रकाने होते. समोर साठ-सत्तर पावलांवर सौरपंपाने भरणारा पाणवठा, त्यामागे पिवळ्या गवताचे रुंद मैदान आणि मैदानाच्या कडेला आंब्याची चार जुनी झाडे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या मोजणीवर आता वाघांची संख्या ठरत नाही. पूर्वी पाणवठ्यावरची गणना आणि पावलांचे ठसे यांवर बराच भरवसा ठेवत. सरिस्कातले सगळे वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा कागदावरच्या वाघांचा फोलपणाही उघडा पडला. २००६ पासून देशभरात छुप्या कॅमेऱ्यांनी टिपलेले पट्टे ओळखून अंदाज बांधतात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. त्यामुळे बुद्धपौर्णिमेची रात्र आता मुख्यतः आमच्यासारख्या नागर माणसांना जंगलाची ओळख व्हावी म्हणून असते. यात काही गैर आहे असे नाही. चितमपल्लींचे 'रातवा' वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला एका रात्रीपुरता खरा रातवा ऐकायला मिळतो, हे कमी नव्हे.

आणि तो ऐकू आला. सूर्य मावळल्यावर जरा वेळाने, गोट्यावर गोटा टाकल्यासारखा त्याचा 'चक् चक् चक्' आवाज सुरू झाला आणि रात्रभर कुठून ना कुठून येत राहिला. माझा तक्ता असा भरत गेला. पाच चाळीसला मोर, चार. सव्वासहाला एक भेकर. पाण्याला तोंड लावण्याआधी ते अकरा वेळा थांबले, मी मोजले. साडेसातला सांबरमाद्या तीन, एक पाडस. चंद्र वर आला तसे मैदान दुधासारखे झाले आणि काठावरच्या प्रत्येक झाडाला सावली फुटली. नऊ वाजून पाच मिनिटांनी अस्वल आले ते थेट पाण्यात बसले, अगदी आपल्या घरच्या मोरीत बसावे तसे, आणि वीस मिनिटे उठले नाही.

साडेअकराला गवे आले. प्रथम नुसते गवत हलले, मग काळी पाठ, मग पांढरे पायमोजे घातल्यासारखे पाय. नऊ होते. पुढची मादी पाण्याच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली. तिच्या श्वासाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मी आयुष्यात ज्या काही देवळांत गेलो असेन, त्यांतल्या कोणत्याही गाभाऱ्यात मला इतके लहान आणि इतके स्वस्थ वाटले नव्हते. ते पाणी प्यायले आणि मैदानात चरत पांगले. मध्यरात्री, चांदण्यात चरणारे नऊ गवे. माझ्या शेजारी बसलेल्या वाटाड्याकडे मी पाहिले. तो गव्यांकडे पाहत नव्हता. त्याची नजर त्या चार आंब्यांकडे लागली होती.

वाघ आला नाही. दोन वाजता साळिंदर, पहाटे रानडुकरांचा कळप, आणि उजाडताना टिटवीचा कालवा. तक्ता भरला.

सूर्य वर आल्यावर आम्ही खाली उतरलो. गाडी यायला अवकाश होता. "चाला भाऊ, जरासे," असे म्हणून तो आंब्यांकडे निघाला. गवतात पाय टाकताच मला काहीतरी टोचले. खाली वाकून पाहिले तर कौलाचा तुकडा. आणखी चार पावलांवर जात्याची अर्धी तळी. मग एक चौथरा. मग ढासळलेली विहीर, तिच्यात पिंपळाचे रोप.

"हे आमच्या गावची हीर व्हय," तो म्हणाला. "अन् माहं घर तथी होतं. आंब्याच्या अंगाले."

रात्रभर मी ज्याला मैदान म्हणत होतो ते गावठाण होते आणि त्याच्या भोवतीची शेती होती. ज्या पाणवठ्यावर मी गवे मोजले, त्याच्याच वरच्या अंगाला त्याची आई रात्री उठून झिरा उकरीत असे. गाव उठून काही वर्षे झाली होती. आता तो अकोटच्या बाजूला, सपाटीवरच्या पुनर्वसनाच्या गावी राहतो. आंब्याखाली एक सागाची फळी जमिनीत रोवलेली होती, वाळवीने खाल्लेली, एका बाजूला कललेली. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला होता. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाने असा मुंडा रोवतात. हा त्याच्या आजाचा होता. डब्यात तळाशी राहिलेले पाणी त्याने फळीच्या बुडाशी ओतले. मी टोपी काढून उभा राहिलो. दुसरे काय करावे ते सुचले नाही.

परत येताना तो सहज म्हणाला, "साल्यातून एक डाव येतो. या मचानावर ड्युटी लागली तर." मग थोडे थांबून, "कोनाले सांगू नका भाऊ, नाही तं दुसऱ्या मचानावर टाकतीन."

म्हणून जागेचे नाव मी लिहिले नाही.

तेव्हापासून मला सलते ते हे. त्या रात्रीसाठी मी पैसे भरले, ओळखपत्र दाखवले आणि मला परवाना मिळाला. मी त्या भूमीवर पाहुणा होतो व पाहुण्याचा सन्मान मला मिळाला. जो तेथे जन्मला, त्याला तेथे एक रात्र काढायची तर माझा वाटाड्या होऊनच यावे लागते. परवाना दोघांनाही लागतो. पण त्याला माझ्यामुळे मिळतो.

हे सगळे कोणा दुष्ट माणसाने केले असते तर मन चटकन मोकळे झाले असते. तसे नाही. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अभयारण्यांत मेळघाट होते. वाघाला माणसांची वर्दळ नसलेले मोठे सलग जंगल लागते, हे खरे आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे गाभ्यातून उठवण्यात आली, पुढे आणखी बरीच उठली. २००८ पासून प्रत्येक कुटुंबामागे दहा लाख रुपयांची तरतूद झाली; २०२१ मध्ये ती पंधरा लाखांवर गेली. कायदा म्हणतो की स्थलांतर स्वेच्छेने झाले पाहिजे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आधी हक्क मान्य केले पाहिजेत, ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. अनेक कुटुंबांना खरोखरच बाहेर यायचे होते. शाळा, दवाखाना, वीज, रस्ता यांची ओढ कोरकूंना नसावी असे मानणे हा आपला शहरी दंभ आहे. आणि गावे उठली तेथे कुरणे झाली, कुरणांवर गवे व सांबरे आली. तेव्हा हेही कबूल केले पाहिजे की मला मध्यरात्री दिसलेले ते नऊ गवे हे त्या गावाच्या उठण्याचेच फळ होते. ती शांतता, जी मला देवळातल्यासारखी वाटली, ती कोणाच्या तरी चुली विझल्याने निर्माण झाली होती.

पण याची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये अकोट भागात पुनर्वसित झालेली अनेक कुटुंबे जमीन आणि सोयींची आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून जंगलातल्या जुन्या गावी परत गेली. त्यांना बाहेर काढताना वनकर्मचारी आणि गावकरी यांच्यात चकमक झाली व माणसे जखमी झाली. त्या बातम्या मी तेव्हा अकोल्यात चहा पिताना वाचल्या होत्या. 'अतिक्रमण' हा शब्द त्यांत होता. आपल्या आजाच्या मुंड्याजवळ जाऊन बसण्याला अतिक्रमण म्हणता येते, हे त्या वेळी मला खटकले नव्हते.

आता पुतण्याच्या छायाचित्रांकडे येतो. ज्या हिरव्या झाडांखाली त्याचा तंबू होता, तेथली पाटी एका छायाचित्रात आली होती: हवासुपाई गार्डन्स. मी त्याला विचारले, हे नाव कशाचे? त्याला ठाऊक नव्हते. मग मी शोधून वाचले. ब्राइट एंजल या वाटेने सातेक किलोमीटर उतरल्यावर जो झरा लागतो, त्याच्या काठी हवासुपाई लोक शेती करीत. हवासुपाई म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याची माणसे. १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ मध्ये त्या झऱ्यावरच्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला तेथून घालवण्यात आले. जागेचे नाव 'इंडियन गार्डन' राहिले. माणसे गेली, त्यांच्या नावाने बाग उरली. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून या जमातीला सुमारे १,८५,००० एकर जमीन परत दिली आणि २०२२ मध्ये जमातीच्या मागणीवरून त्या झऱ्याला 'हवासुपाई गार्डन्स' असे नाव दिले गेले.

दोन खंड, दोन दऱ्या, आणि गोष्ट मात्र एकच. याचे कारण पाण्यात आहे असे मला वाटते. कोरड्या मुलखात पाण्याच्या जागा मोजक्या असतात. माणसे प्रथम तेथेच वसतात, कारण दुसरीकडे वसताच येत नाही. पुढे कधी तरी त्या मुलखाचे सौंदर्य इतरांच्या ध्यानात येते, त्याचे उद्यान होते आणि मुक्कामाची जागा शोधताना नेमकी तीच जागा सापडते. म्हणून जंगलातल्या किंवा दरीतल्या प्रत्येक चांगल्या मुक्कामाच्या जागी पाहुण्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्या आधी येथे पाणी कोण भरत होते?

उत्तर नेहमी दुःखदच असते असेही नाही. परतवाड्याजवळच्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथल्या कोरकूंनी उजाड टेकडीवर राखण करून रान पुन्हा उभे केले आणि त्यातली सीताफळे बाजारात विकली. माणूस असला की जंगल जाते, हा सिद्धान्त तेवढ्यापुरता तरी खोटा ठरला. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात हे जसेच्या तसे जमेल असा माझा दावा नाही. पण गाव आणि रान यांपैकी एकच काहीतरी निवडा, असे जेव्हा आपल्याला सांगितले जाते तेव्हा पायविहीर आठवायला हरकत नाही. निदान ज्यांचे मुंडे तेथे आहेत त्यांना वर्षातून काही दिवस, कोणाचा वाटाड्या न होता, त्यांच्यापाशी जाऊन यायला मिळावे, एवढे तरी वाघाला परवडेल.

कोरकू या शब्दाचा अर्थ त्यांच्या भाषेत 'माणसे' एवढाच आहे. निरोप घेताना मी त्याला माझा नंबर दिला आणि अकोल्याला आला तर घरी ये म्हणालो. त्याने हसून मान हलवली. मग माझ्या रिकाम्या बाटल्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "पुढच्या डावाले पानी जास्त आनजा, भाऊ."

तक्ता परत देताना शेवटचा रकाना, शेऱ्याचा, कोरा राहिला होता. कर्मचाऱ्याने विचारले, काही लिहायचे आहे का? मी नाही म्हणालो. पुतण्या पुढच्या मे महिन्यात यायचे म्हणतो आहे. नरनाळ्यावर नेईन, पाणी भरपूर घेईन. आणि रात्री मचाणावर चढण्याआधी, उजेड आहे तोवर, त्याला आधी गावठाण दाखवायला सांगेन.